थॉमस मिजली : इंजिनाचा ठोका आणि शिशाचा धूर

भरलेला पेट्रोल ट्रक घाट चढू लागला, ड्रायव्हरने पेडल खाली दाबले, की जुन्या इंजिनातून खडखड असा धातूवर हातोडीने टिचक्या माराव्यात तसा आवाज येई. गॅरेजमध्ये याला नॉकिंग म्हणतात. आवाज नुसताच त्रासदायक नसतो. तो चालू राहिला तर पिस्टनला भोके पडतात, हेडचे गॅस्केट उडते, ताकद जाते आणि पेट्रोल वाया जाते. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या डेटन शहरात 1916 साली हा ठोका कशाने पडतो हे शोधायचे काम सत्तावीस वर्षांच्या एका यंत्र-अभियंत्याकडे आले. रसायनशास्त्राची त्याच्याकडे पदवी नव्हती. त्याने शोधलेला उपाय 1923 पासून 2021 पर्यंत जगातल्या कुठल्या ना कुठल्या पेट्रोल पंपावर विकला जात होता. ठोका त्याने थांबवला, पण आधी इंजिनाच्या झडपा जळू लागल्या, आणि त्या झडपा वाचवण्यासाठी जे केले गेले त्याने शिसे रस्त्यावर, हवेत आणि मुलांच्या रक्तात जाऊन पोहोचले. या अभियंत्याचे नाव थॉमस मिजली.

मिजली यांचा जन्म 18 मे 1889 रोजी पेनसिल्व्हेनियातील बीव्हर फॉल्स या गावी झाला. शोध लावणे हा त्यांच्या घरचा धंदाच म्हणायचा. वडिलांनी टायरमध्ये सुधारणा केल्या होत्या, आईचे वडील जेम्स इमर्सन यांनी करवतीला बदलता येणारे दात बसवण्याची युक्ती काढली होती. शाळेत असताना मिजली बेसबॉल खेळत. चेंडूला हवेत जास्त वळण मिळावे म्हणून त्यावर कशाची लाळ लावावी, याचा त्यांनी शोध घेतला आणि एल्म जातीच्या एका झाडाची बुळबुळीत साल चघळण्यावर त्यांचे मत स्थिर झाले. सापडेल ती वस्तू लावून पाहायची आणि परिणाम मोजायचा, ही पद्धत पुढे आयुष्यभर त्यांच्या कामी आली. 1911 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून ते यंत्र-अभियांत्रिकीचे पदवीधर झाले, त्याच वर्षी लग्न केले, काही काळ डेटनच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत आणि मग वडिलांबरोबर टायरच्या व्यवसायात काढला, आणि 1916 मध्ये चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले.

केटरिंग म्हणजे मोटारीला बटण-स्टार्टर देणारे गृहस्थ. हँडल मारून हात मोडून घेण्याचे दिवस त्यांनी संपवले. पण त्यांच्या बॅटरीवर चालणाऱ्या प्रज्वलन-यंत्रणेवर एक आळ आला होता. इंजिने ठोकू लागली ती या नव्या विजेच्या ठिणगीमुळेच, असे प्रतिस्पर्धी सांगत. केटरिंग यांना हा आळ खोटा ठरवायचा होता. मिजली यांना त्यांनी याच कामावर बसवले.

इंजिनातून येणारा प्रत्येक आवाज सारखा नसतो, हे कोणताही अनुभवी मेकॅनिक सांगेल. टॅपेट सैल असेल तर गाडी उभी असतानाही टिकटिक ऐकू येते आणि ती इंजिनाच्या वेगाबरोबर वाढते. पिस्टन झिजला असेल तर थंड इंजिनात धपधप येते आणि इंजिन तापल्यावर कमी होते. नॉकिंग मात्र ओझ्याखालीच येते. मिजली यांनी कानावर विसंबायचे सोडून सिलिंडरमधला दाब प्रकाशकिरणाच्या साहाय्याने फिल्मवर उमटवला. दिसले ते असे, की ठिणगी वेळेवर पडते, जळण नीट सुरू होते, पण ज्योत सिलिंडरभर पसरत असताना टोकाला राहिलेले, दाबाने तापलेले मिश्रण तिची वाट न पाहता एकदम पेट घेते. दाबाची रेघ तिथे सुळक्यासारखी वर जाते. दोष ठिणगीचा नव्हता, इंधनाचा होता. रॉकेलवर इंजिन जास्त ठोके आणि पेट्रोलवर कमी, याचाही उलगडा त्यातून झाला. निदान म्हणून हे काम फार चांगले होते. मिजली यांच्या साऱ्या कारकिर्दीतले ते सर्वांत निर्मळ काम असावे.

निदान बिनचूक, पण पहिला उपचार चुकीच्या तर्कातून आला, हे गमतीचे आहे. ट्रेलिंग आर्ब्युटस नावाची एक रानवेल बर्फाखालीही फुलते. तिच्या पानांच्या तांबूस रंगामुळे ती उष्णता जास्त शोषत असेल, तर मग रॉकेललाही लाल रंग दिला तर ते लवकर वाफ होईल, असा केटरिंग आणि मिजली यांचा अंदाज होता. कोठीत तेलात विरघळणारा लाल रंग सापडला नाही, म्हणून हाताशी असलेले आयोडीन घातले. ठोका थांबला! मग खरे लाल रंग आणून घातले, तर कशाचाही उपयोग झाला नाही. म्हणजे काम रंगाचे नव्हते, आयोडीनचे होते. आयोडीन महाग आणि धातूला खाणारे असल्याने गाडीत घालण्याजोगे नव्हते. पण चिमूटभर रसायनाने ठोका थांबू शकतो, एवढे कळले आणि शोध सुरू झाला.

पुढची पाच वर्षे मिजली, टी. ए. बॉइड आणि त्यांचे सहकारी सापडेल ते इंधनात घालून पाहत राहिले. ॲनिलीन चालले, पण त्याचा वास असह्य होता. सेलेनियम आणि टेल्युरियम यांची संयुगे तर त्याहून परिणामकारक निघाली, फक्त टेल्युरियमचा लसणासारखा उग्र दर्प अंगात असा मुरला की आंघोळ करून, कपडे बदलूनही लोक या मंडळींपासून लांब बसत. नंतर त्यांनी आवर्तसारणी समोर ठेवली आणि कोणत्या रकान्यात गुण वाढत जातो हे पाहत तळाच्या जड मूलद्रव्यांकडे गेले. कथिलाच्या संयुगाने थोडे काम केले, म्हणजे त्याच रकान्यातले त्याखालचे शिसे जास्त करील, असा अंदाज बांधला. 9 डिसेंबर 1921 रोजी टेट्राएथिल लेड या द्रवाचे काही थेंब घातलेले इंधन चाचणीच्या इंजिनात गेले आणि खडखड एकदम बंद झाली. गॅलनमागे सुमारे 3 घनसेंटिमीटर एवढे पुरत होते. जळताना या द्रवातून शिशाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि टोकाच्या मिश्रणातल्या साखळी-अभिक्रिया तोडतात.

शिसे विषारी आहे हे तेव्हा माहीत नव्हते, असे नाही. रंगकाम, छपाईचे खिळे, शिशाचे नळ यांतून होणारा विकार वैद्यकाला शतकानुशतके ठाऊक होता. आणि पर्यायही होता. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळले तर ठोका थांबतो, हे मिजली यांना चांगले माहीत होते, तसे मिश्रण त्यांनी स्वतः वापरून दाखवले होते. आज आपल्या पंपावर मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये हाच गुण आहे. पण अल्कोहोल कोणीही गाळू शकतो, आणि शिशाचे थेंब मात्र एका कंपनीच्या मालकीचे राहू शकत होते. 2 फेब्रुवारी 1923 रोजी डेटनच्या एका पंपावर हे पेट्रोल पहिल्यांदा विकले गेले. जाहिरातीत आणि नावात शिसे हा शब्द नव्हता. त्याला फक्त एथिल म्हटले गेले.

लगेचच गॅरेजवाल्यांकडे एक नवे दुखणे येऊ लागले. प्लगवर पिवळट-राखाडी थर साचत होता आणि एक्झॉस्ट झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, जळत होत्या.

हे का होते हे समजायला झडपेचे काम पाहावे लागते. प्रत्येक सिलिंडरला निदान दोन झडपा असतात, एक मिश्रण आत घेणारी, दुसरी जळालेला वायू बाहेर सोडणारी. लांब दांड्याच्या छोट्या छत्रीसारखा त्यांचा आकार असतो. कॅमशाफ्टचा उंचवटा टॅपेटला ढकलतो, टॅपेट दांड्याला, दांडा रॉकरला आणि रॉकर झडपेला. स्प्रिंग तिला परत बसवते. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर एक झडप सेकंदाला 25 वेळा उघडते आणि मिटते. एक्झॉस्ट झडपेच्या कडेवरून धगधगता वायू जातो. ओझ्याखाली तिचे तापमान 700 अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि ती लालबुंद होते. ही उष्णता बाहेर पडायची मुख्य वाट एकच आहे. झडप मिटते तेव्हा तिची कड हेडमधल्या सीटवर घट्ट टेकते आणि तेवढ्या क्षणात उष्णता सीटमधून थंड पाण्याकडे जाते. थोडीफार दांड्यातूनही निघते. म्हणजे ती टेकण्याची जागा स्वच्छ असणे हा झडपेच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो.

शिशाचे ऑक्साइड नेमके तिथेच बसत होते. थर जाड झाला की त्याचा एखादा पापुद्रा निघून पडे. तिथे केसाएवढी फट राही. मग झडप मिटली तरी त्या फटीतून दाबाखालचा पेटता वायू गॅसकटरच्या ज्योतीसारखा बाहेर घुसे आणि काही दिवसांत कड वितळून तिला खाच पडे. हेड उतरवून पाहिले तर भाकरीचा घास तोडावा तसा झडपेचा काठ गेलेला दिसे. ट्रकच्या इंजिनाला हे आधी भोगावे लागते, कारण त्याला तासन्‌तास पूर्ण ओझ्याखाली चालायचे असते.

असे दुखणे ओळखण्याची पद्धत आजही फारशी बदललेली नाही. एक सिलिंडर मारत नाही, गाडी ओढत नाही. प्लग काढून कॉम्प्रेशन मोजले की त्या सिलिंडरचा दाब कमी भरतो. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, कारण तेलाने त्यांची फट भरते. वाढला नाही तर झडपेचा संशय घ्यायचा. त्यानंतर पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही झडपा मिटलेल्या, अशा स्थितीत सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट झडप गळते, कार्बोरेटरकडून आली तर आतली झडप, आणि ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा. हेड उतरवण्याआधीच दुखण्याची जागा कळते.

मिजली यांच्या मंडळींनी या दुखण्याचे निदान लवकर केले. शिसे सिलिंडरमध्ये साचू द्यायचे नसेल तर त्याला वायुरूप होऊन बाहेर पडेल असा जोडीदार हवा होता. ब्रोमीन असलेले एथिलीन डायब्रोमाइड त्यासाठी योग्य ठरले. जळताना ब्रोमीन शिशाला धरते, शिशाचे ब्रोमाइड होते, इंजिनाच्या उष्णतेत त्याची वाफ होते आणि ते सायलेन्सरमधून निघून जाते. पेट्रोलच्या मागणीला पुरेल इतके ब्रोमीन जमिनीतल्या खाऱ्या पाण्यातून मिळेना, म्हणून ते समुद्रातून काढायचे ठरले. 1925 मध्ये एका जहाजावर त्याचा प्रयोग झाला आणि 1934 मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर क्युअर बीच येथे त्याचा कारखाना उभा राहिला. अभियंत्याच्या नजरेने हा तोडगा सुरेखच होता. झडपा स्वच्छ राहू लागल्या. पण आता शिसे इंजिनात राहत नव्हते. बाहेर पडताच थंड होऊन त्याचे इतके बारीक कण होत की ते तासन्‌तास हवेत तरंगत आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी पोहोचत.

सगळ्यात आधी बळी गेले ते हा द्रव बनवणारे कामगार. टेट्राएथिल लेड साध्या शिशासारखे नाही. ते स्निग्ध पदार्थात विरघळते, त्यामुळे न खरचटलेल्या कातडीतूनही शरीरात शिरते आणि मेंदूत जाते. झोप उडते, भयंकर स्वप्ने पडतात, नसलेले किडे अंगावर दिसू लागतात, मग झटके. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात या द्रवाचे उत्पादन करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन काही दिवसांत मेले आणि 35 जणांना इस्पितळात न्यावे लागले. डेटन येथे आणि न्यू जर्सीतल्याच दुसऱ्या एका कारखान्यात आधीच मृत्यू झाले होते. त्या दुसऱ्या कारखान्यातले कामगार हवेत न दिसणारी फुलपाखरे पकडत, म्हणून त्या इमारतीला फुलपाखरांचे घर असे नाव पडले होते.

30 ऑक्टोबर 1924 रोजी न्यूयॉर्कमध्ये वार्ताहरांसमोर मिजली यांनी टेट्राएथिल लेड हातावर ओतून घेतले, त्याने हात धुतल्यासारखे केले आणि बाटली नाकाशी धरून मिनिटभर हुंगली. रोज असे केले तरी काही होणार नाही, असा त्यांचा दावा होता. वार्ताहरांना त्यांनी एक गोष्ट सांगितली नाही. 1923 च्या सुरुवातीला त्यांना स्वतःलाच शिशाची बाधा झाली होती आणि सगळी कामे बाजूला टाकून मोकळ्या हवेसाठी त्यांना फ्लोरिडात जाऊन राहावे लागले होते. अज्ञानाचा फायदा त्यांना इथे देता येत नाही.

मे 1925 मध्ये विक्री थांबली आणि अमेरिकेच्या सर्जन जनरलनी परिषद बोलावली. येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन आणि औद्योगिक विषबाधेच्या अभ्यासक ॲलिस हॅमिल्टन यांनी स्पष्ट विरोध केला. प्रश्न कारखान्यातल्या अपघाताचा नसून रस्त्यावर वर्षानुवर्षे पडत राहणाऱ्या शिशाचा आहे, हा त्यांचा मुद्दा होता. नेमलेल्या समितीने गॅरेज कामगार आणि ड्रायव्हर तपासले. काही महिन्यांच्या त्या तपासणीत ठळक आजार दिसला नाही, तेव्हा बंदीला पुरेसा आधार नाही असे 1926 मध्ये सांगितले, पण सरकारने अभ्यास पुढे चालू ठेवावा असेही बजावले. तो अभ्यास सरकारने केला नाही. तो सिनसिनाटी येथील रॉबर्ट किहो यांच्या प्रयोगशाळेकडे गेला, आणि तिचा खर्च उद्योगच भागवत होता. पुढची चाळीस वर्षे शिशाबद्दलचे शास्त्र जवळजवळ तिथूनच लिहिले गेले. वापर आणि वाहतूक वाढली तर धोका वाढू शकतो, असा इशारा मात्र 1926 च्या अहवालातच दिलेला होता.

मिजली या वादापासून दूर झाले. कंपनीच्या कारभारातून त्यांना बाजूला करण्यात आले. मग त्यांच्याकडे शीतकपाटांचा प्रश्न आला. तेव्हा शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायॉक्साइड असे विषारी वायू वापरत आणि गळती झाली की माणसे मरत. आवर्तसारणी पुन्हा समोर आली आणि अल्बर्ट हेने यांच्यासह त्यांनी थोड्याच दिवसांत डायक्लोरोडायफ्लुओरोमीथेन बनवले. पुढे जगाने त्याला फ्रिऑन म्हटले. एप्रिल 1930 मध्ये अटलांटा येथे रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजली यांनी तो वायू छातीत भरून घेतला आणि मेणबत्तीवर फुंकर घालून ती विझवली. विषारी नाही, ज्वलनशीलही नाही! हे प्रात्यक्षिक मात्र खरे होते. हाच वायू ओझोनचा थर खातो हे 1974 मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवले, तेव्हा मिजली यांना जाऊन तीस वर्षे होत आली होती. शिशाचा दोष त्यांच्या पदरात टाकावा लागतो, तसा ओझोनचा टाकता येणार नाही.

सन्मान भरपूर मिळाले. पर्किन पदक 1937 मध्ये, प्रिस्टली पदक 1941 मध्ये, आणि 1944 मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्षपद. मधल्या काळात, 1940 मध्ये, वयाच्या 51 व्या वर्षी पोलिओने त्यांचे पाय गेले. बिछान्यातून स्वतःला उचलता यावे म्हणून त्यांनी दोऱ्या आणि कप्प्यांची एक यंत्रणा रचली. 2 नोव्हेंबर 1944 रोजी ओहायोतील वर्दिंग्टन येथील घरात त्याच दोऱ्यांमध्ये गळा आवळून त्यांचा मृत्यू झाला. बातम्यांतून तो अपघात म्हणून सांगितला गेला.

पुढची हकिगत शिशाची आहे. क्लेअर पॅटरसन हे भूरसायनशास्त्रज्ञ खडकातल्या शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय मोजत होते. 1956 मध्ये त्यांनी ते सुमारे 455 कोटी वर्षे ठरवले. पण या कामात त्यांना एकसारखा त्रास झाला तो प्रयोगशाळेत कुठून तरी येऊन मिसळणाऱ्या शिशाचा. ते कुठून येते हे पाहता पाहता ते समुद्राच्या पाण्यापर्यंत आणि ध्रुवीय बर्फापर्यंत गेले. 1965 मध्ये त्यांनी दाखवून दिले, की माणसाच्या शरीरात आज सर्वसाधारण मानले जाणारे शिसे नैसर्गिक नाही, ते आपणच घातलेले आहे. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते. ते हाडांत साठते आणि तिथून वर्षानुवर्षे रक्तात झिरपते. रक्तातला लाल रंग बनवणारी विकरे ते अडवते. लहान मुलांचे आतडे ते मोठ्यांपेक्षा जास्त शोषते आणि वाढत्या मेंदूत त्याने केलेले नुकसान भरून येत नाही. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना आज सांगते.

शिसे काढायचे म्हटल्यावर हरकत आली ती पुन्हा झडपेच्या नावाने. ती पूर्णपणे खोटी नव्हती. पन्नास वर्षे शिशाच्या संयुगांचा एक पातळ पापुद्रा एक्झॉस्ट झडप आणि सीट यांच्यामध्ये वंगणासारखा बसत आला होता. जुन्या इंजिनांत सीट वेगळी नसे, हेडच्या साध्या बिडातच कापलेली असे. शिसे गेले की तापलेली झडप आणि बीड क्षणभर एकमेकांना चिकटतात, उचलताना कण उपटतात, ते कण ऑक्साइड होऊन कानशीसारखे घासतात. सीट झिजते आणि झडप हेडमध्ये वर वर रुतत जाते.

या दुखण्याचे लक्षण फसवे असते. साधारण झिजेत टॅपेटची फट वाढते आणि इंजिन टिकटिकते, म्हणून ड्रायव्हर गॅरेजला येतो. इथे फट कमी होते. इंजिन उलट शांत होते, मालक खूश होतो! फीलर गेज घातला तर एक्झॉस्ट टॅपेटमध्ये पाती शिरत नाही. तसेच चालवले तर एक दिवस फट शून्य होते, झडप पुरती मिटत नाही, तिला थंड व्हायला जागा उरत नाही आणि ती जळते. नुसते टॅपेट पुन्हा सेट करून चार दिवस निघतात, पण झीज चालूच राहते.

अमेरिकेने 1 जानेवारी 1986 पासून शिशाचे प्रमाण गॅलनमागे 0.1 ग्रॅमवर आणले तेव्हा शेतकरी आणि ट्रकमालक यांची हीच काळजी होती. इंजिने बाकावर बसवून शेकडो तास चालवली गेली. हलक्या कामाच्या इंजिनांना फारसे काही झाले नाही, पूर्ण ओझ्याखाली वेगाने फिरणाऱ्या काही इंजिनांच्या सीट मात्र खरोखर रुतल्या. पण दुरुस्ती ठाऊक होती आणि ती एकदाच करायची होती. झिजलेली सीट मशीनवर कापून काढायची, तिथे कठीण मिश्रधातूची कडी थंड करून, हेड गरम करून घट्ट ठोकून बसवायची, तिला झडपेच्या कोनात कापायचे, पेस्ट लावून झडप घासून घ्यायची. झडपेच्या कडेवर स्टेलाइट हा कोबाल्ट-क्रोमियमचा कठीण थर असला तर आणखी चांगले. अवजड इंजिनांत झडपेचा दांडा पोकळ करून त्यात सोडियम भरत, ते वितळून हिंदकळते आणि उष्णता वर नेते. ही युक्ती सॅम हेरॉन यांनी 1920 च्या दशकात विकसित केली होती, तीही डेटनच्याच लष्करी विमानतळावर, मिजली यांच्या प्रयोगशाळेच्या शेजारच्या गावकुसात. आणि मोटार कंपन्यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाच कारखान्यात सीट कडक करून द्यायला सुरुवात केली होती. झडपेसाठी शिसे लागते ही अडचण काही शे रुपयांच्या एका कडीने मिटण्यासारखी होती.

अमेरिकी लोकांच्या रक्तातले सरासरी शिसे 1976 ते 1980 च्या पाहणीत डेसिलिटरमागे 12.8 मायक्रोग्रॅम होते. 1988 ते 1991 च्या पाहणीत ते 2.8 वर आले. भारतात 1995 पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले, कारण शिसे नव्या गाड्यांतले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करते, आणि 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. आपले ट्रक बहुतेक डिझेलवर असल्याने त्यांना याची झळ लागली नाही. जुन्या पेट्रोल गाड्यांचे हेड मात्र लेथवाल्याकडे सीट बसवायला गेले. मोटारींसाठी शिसे विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते जुलै 2021 मध्ये थांबले.

लहान पिस्टन विमानांच्या पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड अजूनही आहे. नॉर्थ डकोटा विद्यापीठाच्या वैमानिक-शाळेने 2023 च्या उन्हाळ्यात आपली विमाने शिसेविरहित इंधनावर आणली. काही महिन्यांत देखभाल करणाऱ्यांना एक्झॉस्ट झडपांच्या सीट रुतलेल्या आढळल्या आणि ऑक्टोबरमध्ये शाळा पुन्हा शिशाच्या इंधनाकडे वळली.